मार्गदर्शिका नव्हे, वाटाड्या

रस्त्यांवर पाट्या नव्हत्या त्या काळात मोटारवाल्यांसाठी जी पुस्तके निघाली, त्यांना मराठीत मार्गदर्शिका म्हणावे की नकाशा, असा प्रश्न आला आहे.

मार्गदर्शिका तर मुळीच नको. दहावीच्या गणितापासून प्राप्तिकराच्या विवरणपत्रापर्यंत ज्याला त्याला मार्गदर्शिका म्हणून आपण हा शब्द पार झिजवला आहे. नकाशाही नको. अमेरिकेत १९०१ साली सुरू झालेले ‘ऑटोमोबाइल ब्लू बुक’ घ्या. त्याची सगळी मदार ओळीओळीने दिलेल्या वर्णनावर होती: अमुक मैल आणि इतके दशांश झाले की चौक लागेल, डावीकडे वळा, मग रूळ ओलांडा. मैल मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून बघत जायचे. रँड मॅकनॅली कंपनीने तर वळणावळणाचे फोटो काढून त्यांवर बाण छापले. अनोळखी मुलखात पुढे होऊन ‘इथून वळा’ सांगणाऱ्याला आपल्याकडे शब्द आहे: वाटाड्या. तोच या पुस्तकांना द्यावा.

आणि मोटारीला ‘वाट’च शोभते! ‘मार्ग’ हा मुळात मृगाचा, जनावर गेल्याची खूण. मराठीत त्याचा ‘माग’ झाला, आणि शिकारी अजून मागच काढतो. ‘वाट’ आली ‘वर्त्मन्’वरून, प्राकृतात ‘वट्टा’ होऊन. धातू वृत्, म्हणजे फिरणे, गरगरणे. वर्त्मन् म्हणजे चाक फिरत गेल्याची रेघ. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीतून बैलगाडी गेली की दोन समांतर खाचा उमटतात आणि मागून येणारी गाडी आपसूक त्यांतच शिरते. त्या खाचांना आपण चाकोरी म्हणतो. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात दिलीपाची प्रजा मनूच्या वर्त्मापासून रेघभरही ढळली नाही असे म्हटले, आणि प्रजेला विशेषण दिले ‘नेमिवृत्तयः’, रथाच्या चाकाच्या धावेसारखी, म्हणजे कडेसारखी, चालणारी. वर्त्म आणि चाक एका श्लोकात! कवीला शब्दाचे मूळ पक्के ठाऊक होते.

काही जण ‘वाट’ संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, आवार यावरून काढतात. हे मला अजिबात मान्य नाही. दोन स्वरांमधला एकटा ट मराठीत येताना ड होतो: घटाचा घडा, वटाचा वड. त्या ‘वाट’चे जे व्हायचे ते होऊन गेले, वाडा आणि वाडी. आपल्या वाटेतला ट टिकला, कारण तो जोड ट्ट होता आणि त्याच्या मागे र्त होता. एवढा साधा नियम डोळ्यांआड करून व्युत्पत्ती देणाऱ्यांनी आधी वड आणि घडा कुठून आले ते सांगावे.

राहिला नकाशा. १९१७ साली त्याच रँड मॅकनॅलीने नकाशावर रस्त्यांना क्रमांक दिले, दुसऱ्या वर्षी विस्कॉन्सिन राज्याने आपल्या रस्त्यांना दिले, आणि १९२६ साली देशभराची क्रमांकपद्धत ठरली. नाक्यावर आकडा दिसू लागल्यावर चर्च, पूल, रूळ शोधत जायचे कारण उरले नाही. त्यानंतरच्या पुस्तकांना खुशाल नकाशे म्हणा.