वाचक विचारतात: एकर, गुंठे आणि उरलेली बाकी

(या वेळी प्रोग्रॅमिंगमधल्या ऑपरेटरांवरचेच, म्हणजे +, /, % अशा चिन्हांवरचेच प्रश्न घेतलेत. इथं आकडे मराठीत छापलेत, पण कोड लिहिताना इंग्रजी आकडेच टाका, आणि इफ, ऑर हे शब्दही इंग्रजी अक्षरात.)

प्रश्न: सर, मी औसा तालुक्यातला, लातूरला बीसीए फर्स्ट इयरला आहे. कॉलेजात सी आहे आन् घरी मोबाइलवर पायथॉन शिकायलोय. ७/२ केलं की सी मध्ये ३ येतंय आणि पायथॉनमध्ये ३.५. बरोबर कोणतं? आणि % टाकलं तर टक्के निघत नाहीत, भलतंच काहीतरी येतंय.

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत. सी मध्ये दोन्ही बाजूंना पूर्णांक असले की उत्तरही पूर्णांकच मिळतं, पॉइंटनंतरचं सगळं सोडून दिलं जातं, एका बाजूला ७.० लिहून बघा, लगेच ३.५ येईल. पायथॉनमध्येही पूर्वी ३ च यायचे, २००८ ला पायथॉन ३ आलं तेव्हा ते बदललं, आता / म्हणजे पूर्ण भागाकार आणि पूर्णांकी हवा असेल तर दोन रेघा, //. त्यामुळं फार जुना व्हिडिओ बघून शिकत असाल तर त्यातलं उत्तर आणि तुमचं उत्तर जुळणार नाही, तुमचं काही चुकलेलं नसतं.

आता %. ते टक्क्याचं चिन्ह आहे हे इथं विसरा, इथं ते बाकी काढतं, शाळेत भागाकार करताना खाली उरायची तीच. कामाला कुठं येतं म्हणाल तर घरच्या रानाचा हिशोब घ्या. ४० गुंठ्यांचा एकर. ९५ गुंठे रान असेल तर ९५/४० ला २.३७५ येतं, पण गावात असं कोण बोलतं? ९५//४० करा, २ एकर. ९५%४० करा, १५ गुंठे. झालं, २ एकर १५ गुंठे. // आणि % ही जोडी एकत्रच शिकावी असं माझं ठाम मत आहे, मिनिटांचे तास करा नाहीतर किलोचे क्विंटल, हीच जोडी लागते.

आणि यातच एक मोठी चूक होते ती सांगतो. बरेच जण २ एकर २५ गुंठे हे २.२५ असं लिहितात. कागदावर चालून जातं, पण प्रोग्रॅममध्ये २.२५ + १.२५ दिलं की ३.५ येणार आणि बघणारा म्हणणार साडेतीन एकर. खरं किती? सगळ्याचे गुंठे करा, २*४०+२५ म्हणजे १०५, १*४०+२५ म्हणजे ६५, बेरीज १७०. १७०//४० ला ४, १७०%४० ला १०. चार एकर दहा गुंठे! वाटणीच्या हिशोबात तीस गुंठ्यांचा फरक म्हणजे भांडणच की. (सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, तिथं १०० आरचा हेक्टर, म्हणून तिथं पॉइंट चालतो.) आणि २*४०+२५ मध्ये गुणाकार आधी होतो हे लक्षात असू द्या, २*(४०+२५) लिहिलंत तर १३० होतील. शंका आली की कंस टाका, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: दोन आकडे विचारून बेरीज करणारा पायथॉन प्रोग्रॅम लिहिला. १२ आणि १५ दिले तर १२१५ आलं. + बिघडलंय का? (अकरावी, परभणी)

उत्तर: + ठीक आहे गं, त्याच्या हातात काय दिलंस ते बघ. इनपुटनं घेतलेली गोष्ट आकडा नसते, मजकूर असतो, आणि मजकुरांमध्ये + म्हणजे एकाला एक चिकटवणं. आधी इंट लावून आकडा करून घे, २७ येतील. इंट न लावता त्याच १२ ला * ३ करून बघ, १२१२१२ येईल. हे मुद्दाम करून बघच, कारण ऑपरेटर काय करणार हे नुसत्या चिन्हावर ठरत नाही, दोन्ही बाजूंना काय ठेवलंय त्यावर ठरतं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की चिन्हांचा तक्ता पाठ करत बसावं लागत नाही.

प्रश्न: ५ चा वर्ग काढायला ५^२ लिहिलं, ७ आले! (नांदेड)

उत्तर: ^ हे घाताचं चिन्ह नाही, ते बिटांवर, म्हणजे कॉम्प्युटर आकडा ज्या ० आणि १ मध्ये ठेवतो त्यांवर चालतं. ५ म्हणजे १०१, २ म्हणजे ०१०, जिथं दोन्ही बिट वेगळे तिथं १, म्हणून १११, म्हणजे ७. पायथॉनमध्ये ५**२ लिहा, सी मध्ये सरळ ५*५.

प्रश्न: ३५ किंवा ४० गुण असलेली पोरं शोधायची होती. गुण == ३५ ऑर ४० लिहिलं तर सगळा वर्गच आला. आणि = अन् == मध्ये नेमका फरक काय? (बीड)

उत्तर: = म्हणजे उजवीकडचं डावीकडे ठेव, == म्हणजे दोन्ही सारखे आहेत का असा प्रश्न. इफमध्ये चुकून एकच = टाकलं तर पायथॉन तिथंच अडवतं, सी मात्र चालू देते, गुणांमध्ये स्वतःच ३५ भरते आणि शून्य नसलेलं सगळं खरं मानत असल्यामुळं नापास पोरगंही ३५ घेऊन बसतं. कंपायलरच्या वॉर्निंग चालू ठेवा आणि वाचा, पोरं त्या वाचतच नाहीत याचं फार वाईट वाटतं.

तुमचा वर्ग सगळा का आला, तर कॉम्प्युटरनं दोन वेगळे प्रश्न वाचले, गुण ३५ आहेत का, नाहीतर ४०. आता नुसतं ४० हे शून्य नाही म्हणून कायम खरं. दोन्हीकडं पूर्ण लिहा, गुण == ३५ ऑर गुण == ४०. पुढं ३५ ते ६० च्या आतले शोधायचे झाले तर पायथॉनमध्ये ३५ <= गुण < ६० चालतं. सी मध्ये तसंच लिहिलं तर एररही येत नाही आणि उत्तर नेहमी खरंच येतं, कारण आधी ३५ <= गुण याचं ० किंवा १ होतं आणि ते ६० पेक्षा लहानच असणार. तिथं ३५ <= गुण && गुण < ६० असं लिहा (&& म्हणजे 'आणि'), आणि तपासताना ३४, ३५, ५९, ६० हे चार आकडे टाकूनच बघा.