समोरच्याकडे नेहमीच उत्तर कसं असतं?

प्रिय खेळाडू,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. रात्री दीडला, सलग हरल्यावर लिहिलेला दिसतोय, कारण शेवटच्या चार ओळींत पूर्णविराम नाहीत आणि उद्गारचिन्हंच आहेत. हार्थस्टोन, म्हणजे ब्लिझर्ड कंपनीचा हा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ, सोडू का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. तो सकाळी चहा पिऊन विचार. बाकी तुझ्या तीन तक्रारी आहेत. समोरच्याकडे नेहमीच हवा तो पत्ता असतो. सगळे एकच डेक, म्हणजे निवडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा, नेटवरून उचलून खेळतात. आणि ब्लिझर्डवाले प्रीस्टकडे, म्हणजे तू ज्या पात्राच्या क्लासचे पत्ते खेळतेस त्याच्याकडे, ढुंकूनही बघत नाहीत. या तिन्ही तू एकाच दमात लिहिल्यास, पण त्या एका जातीच्या नाहीत. पहिली तुझ्या स्मरणशक्तीची आहे, दुसरी काळाची आणि तिसरी थोडीफार खरी.

पहिलीचा हिशेब आधी करू, कारण तो कागदावर होतो. डेक तीस पत्त्यांचा असतो आणि एका पत्त्याच्या जास्तीत जास्त दोन प्रती ठेवता येतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला सुरुवातीला तीन पत्ते मिळतात, मग दर खेळीला एक. म्हणजे सातव्या खेळीपर्यंत त्याने दहा पत्ते पाहिलेले असतात. दोन प्रतींपैकी निदान एक त्या दहांत असण्याची शक्यता ५६ टक्के भरते. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला सुरुवातीलाच चार मिळतात, म्हणून त्याची ६१ टक्के. मुलिगनमध्ये नको ते पत्ते परत टाकून त्याने तोच शोधला असेल तर अजून थोडी जास्त. आता तूच सांग, दहातल्या सहा वेळा पत्ता हातात असेल तर तो ‘नेहमीच’ असतो असं वाटणारच ना? उरलेल्या चार डावांत त्याच्याकडे तो नव्हता आणि तू जिंकलीस. पण ते डाव तू ‘आज मी मस्त खेळले’ या खात्यात टाकलेस.

सलग पाच हरलीस म्हणून खेळच फिक्स आहे, असंही लिहिलंयस. पन्नास टक्के जिंकणाऱ्या खेळाडूला शंभर डावांत कुठेतरी सलग पाच हार येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर आहे. महिन्याच्या सीझनमध्ये तू शंभराहून जास्त डाव खेळतेस. तेव्हा हे होणारच, आणि ते बहुधा रात्री बारानंतर होणार, कारण तेव्हा तू थांबायचं सोडून ‘अजून एक’ म्हणतेस.

हा हिशेब फक्त सांत्वनासाठी नाही. जुने खेळाडू मेज या क्लासविरुद्ध सातवा मॅना (पत्ते खेळायला लागणारी, दर खेळीला एकाने वाढणारी ऊर्जा) जवळ आला की दोन मिनियन, म्हणजे पटावर उतरवायचे सैनिक, हातातच ठेवायचे. समोरच्या सगळ्या मिनियनना एकदम भाजणारा सात मॅनाचा फ्लेमस्ट्राइक पडला तर निम्मं सैन्य वाचावं म्हणून. समोरच्याकडे तो आहे की नाही हे त्यांना कुठे माहीत असायचं? साधारण दहातल्या सहा वेळा असतो एवढं ठाऊक होतं, आणि पटावर आधीच पुरेसा जोर असेल तर अजून दोन उतरवून फार काही मिळत नाही हेही. तू पाठवलेल्या रिप्लेमध्ये सहाव्या खेळीला तुझे चार मिनियन पटावर होते आणि समोरच्याचं आयुष्य वीसच्या आसपास होतं. पाचवा उतरवायची काहीच गरज नव्हती. तू उतरवलास, पुढच्या खेळीत सगळं साफ झालं आणि मग मला मेसेज आला.

आता दुसरी तक्रार. सगळे तेच खेळतात हे खरं आहे. पण सगळे म्हणायला लागतात तोवर डाव बहुतेक पुढे सरकलेला असतो, आणि हे तुला अजून दिसत नाही. मेंढीकोटात बावन्न पत्ते आजोबांच्या वेळीही तेच होते आणि आजही तेच आहेत. हुकमाचा एक्का फार भारी आहे, त्याला जरा कमी करा, असं कुणी म्हणत नाही. इथे वर्षातून तीनदा नवे पत्ते येतात, वसंतात जुने संच स्टँडर्ड या मुख्य प्रकारातून बाहेर जातात, आणि मधेमधे कंपनी पत्त्यांवरचे आकडेच बदलते. त्यामुळे इथे तक्रार हा खेळाचाच भाग होऊन बसलाय. लोक तक्रार करतात, काही जण त्या तक्रारीवर उपाय शोधून चढत जातात, आणि उरलेले महिनाभर तीच तक्रार करत राहतात.

डिसेंबर २०१६ मधलं समुद्री चाच्यांचं प्रकरण घे. गॅजेटझानचा संच आला आणि पॅचेस नावाचा चाचा जवळजवळ प्रत्येक आक्रमक डेकात शिरला. कुठलाही चाचा खेळलास की हा डेकातून फुकट उडी मारून पटावर यायचा. सोबतीला स्मॉल-टाइम बकेनिअर, एका मॅनाचा, हातात शस्त्र असलं की जोर वाढणारा. दुसऱ्या खेळीपासूनच मार सुरू. लोकांनी अक्षरशः रान उठवलं. फेब्रुवारी २०१७ च्या शेवटी बकेनिअरचं आयुष्य दोनावरून एकावर आलं, आणि एप्रिलच्या संचात गोलक्का क्रॉलर आला. हा खेकडा समोरचा एक चाचा खाऊन टाकतो आणि स्वतः वाढतो. मग ज्यांनी डेकात दोन खेकडे भरले त्यांना चाचे दिसले की आनंद व्हायचा. तेच चाचे, तेच लॅडर (क्रमवारीचे सामने), पण एकाला ती कटकट आणि दुसऱ्याला मेजवानी. तू ज्या डेकाने त्रासली आहेस त्यालाही असा एखादा खेकडा आहे का, हे शोधलंस? तुझ्या मेसेजमध्ये तसं काही नव्हतं, म्हणून विचारतोय.

पण प्रत्येक तक्रारीवर ‘जुळवून घे’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. तसं म्हणणारे दादा लोक मला डोक्यात जातात. काही वेळा ओरडणारे बरोबर असतात आणि आकडेवारी दाखवून त्यांना गप्प करणारे चूक. २०१७ मधला क्वेस्ट रोग, म्हणजे रोग (Rogue) या क्लासचा एका क्वेस्ट पत्त्यावर उभा डेक, याचं चांगलं उदाहरण. एकाच नावाचे चार मिनियन खेळले की बक्षीस म्हणून तुझे सगळे मिनियन उरलेल्या डावभर पाच-पाचचे, म्हणजे पाच जोर आणि पाच आयुष्याचे, व्हायचे. या डेकाची एकूण जिंकण्याची टक्केवारी काही भयंकर नव्हती. वेगवान डेक त्याला तुडवायचे, त्यामुळे सरासरी मधेच कुठेतरी राहायची. मग रडता कशाला, असं शहाणे लोक म्हणायचे. पण संथ, विचार करत खेळणारा डेक घेऊन बसलेल्याला समोर हा दिसला की पहिल्याच मिनिटाला कळायचं की डाव संपला. करण्यासारखं काहीच उरत नसे. शेवटी ब्लिझर्डनेही हेच कारण दिलं. हा पत्ता संथ डेकांना खेळातूनच हाकलतोय, असं म्हणत जुलै २०१७ मध्ये चाराचे पाच केले. पुढे मे २०१८ मध्ये बक्षीसही चार-चारवर आणलं.

म्हणजे सरासरी आकडा सभ्य असतानाही तक्रार खरी असू शकते. तुझं दुखणं त्या सरासरीत दिसत नसेल, पण तुझ्या डेकाविरुद्धच्या आकड्यात दिसेल. लोक नेमकी हीच चूक करतात. ‘हा डेक मोडीत काढा’ म्हणून ओरडतात, आकडा ४९ टक्के निघतो आणि वाद तिथेच संपतो. ‘अमुक पद्धतीने खेळणाऱ्याला याच्यासमोर काही करताच येत नाही’ असं मांडलं असतं तर कुणी खोडू शकलं नसतं. याची उलट बाजूही आहे. एप्रिल २०२० मध्ये डीमन हंटर नावाचा नवा क्लास आला तेव्हा तक्रार आणि आकडे दोन्ही एकाच दिशेला होते. एका दिवसात चार पत्ते बदलावे लागले. तिथे कुणाला निबंध लिहावा लागला नाही.

आता प्रीस्ट. तुझं प्रेम कळतं, मलाही हा क्लास आवडतो. पण ‘आमच्याकडे कुणी बघत नाही’ हे गाणं जुनं आहे आणि त्याचा इतिहास तुला ठाऊक असायला हवा. ऑगस्ट २०१६ मध्ये काराझानचा संच आला. प्रीस्ट तेव्हा तळाशी होता आणि त्याला मिळाला प्युरिफाय. दोन मॅना देऊन आपल्याच मिनियनची शक्ती काढून घ्यायची आणि एक पत्ता उचलायचा. आपल्याच! लोकांचा इतका संताप झाला की खेळाचे तेव्हाचे प्रमुख बेन ब्रोड यांनी व्हिडिओ करून स्पष्टीकरण दिलं, आणि एरिनामध्ये, जिथे समोर येतील त्याच पत्त्यांतून डेक निवडावा लागतो, हा पत्ता येणारच नाही अशी व्यवस्था केली. ते हसणं-रडणं चालू असतानाच डिसेंबरमध्ये रझा आला. डेकात एकही पत्ता दुबार नसेल तर तुझी हीरो पॉवर, म्हणजे एरवी मॅना देऊन वापरायची क्लासची खास ताकद, फुकट. ठीक आहे, बरा पत्ता, असं सगळे म्हणाले. ऑगस्ट २०१७ मध्ये शॅडोरीपर आंद्विन आला. त्याच्यामुळे हीरो पॉवर दोन घाव घालू लागली आणि प्रत्येक पत्ता खेळल्यावर पुन्हा ताजी होऊ लागली. दोघे एकत्र आले की पत्ता, घाव, पत्ता, घाव, आणि समोरचा फक्त बघत बसायचा. एका वर्षात ज्याची दया यायची त्याच क्लासला लोक शिव्या घालू लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये रझाची फुकट पॉवर एका मॅनाची झाली.

हे सांगतोय ते धीर देण्यासाठी नाही. पुढच्या संचात प्रीस्ट वर येईल की नाही हे मला माहीत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यावर तूही विश्वास ठेवू नकोस. मुद्दा डस्टचा आहे, म्हणजे पत्ते फोडून मिळणाऱ्या आणि नवे बनवायला लागणाऱ्या चलनाचा, कारण त्याच मेसेजात तू विचारलंयस की सगळे प्रीस्टचे पत्ते फोडून तो त्रासदायक डेक बनवू का. बनवू नकोस. निदान या आठवड्यात तरी नको.

लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ प्रकारचा पत्ता, बनवायला १६०० डस्ट लागतं आणि फोडलं की ४०० हाती येतं. रागाच्या भरात चार लेजंडरी फोडल्या की एक बनते. वर गंमत अशी की ज्या पत्त्यावर सगळे ओरडतात तो बनवणं तसं धोक्याचं नसतं. त्याला कात्री लागली तर काही दिवस तो पूर्ण किमतीत परत करता येतो. पैसे बुडतात ते त्याच्या आजूबाजूच्या पत्त्यांत. रझा बदलला तेव्हा रझाचे १६०० परत मिळाले, पण आंद्विनला हातही लावला नव्हता. त्यामुळे ज्यांनी फक्त या जोडीसाठी आंद्विन बनवला होता त्यांना कुणी काही दिलं नाही. त्याआधी २०१५ मध्ये ग्रिम पेट्रन वॉरियर या डेकाचं झालं ते तर आणखी निर्दयी. ऑक्टोबरमध्ये वॉरसाँग कमांडर बदलून त्या डेकाचा कणाच मोडला, आणि तो पत्ता सगळ्यांना फुकट मिळणारा बेसिक होता. फुकटचा पत्ता, परतावा शून्य! डेक बनवण्यापूर्वी त्यातला कोणता पत्ता कापला जाईल आणि मग बाकीच्यांचं काय करशील, एवढं बघ. ते पत्ते दुसऱ्या डेकात चालणार असतील तर खुशाल बनव.

नवे पॅक (पत्त्यांची बंद पाकिटं) विकत घ्यायचा विचार असेल तर घरच्यांना आधी सांग. तुझी आई याला रमी समजते आणि २०२५ च्या कायद्यात बंद झालेला पैशांचा खेळ समजून घाबरते, असं तूच म्हणालीस. इथे पैसे लावून पैसे जिंकायचे नसतात, हे तिला नीट समजावून सांग. पण पॅकमध्ये काय निघेल हे नशिबावर असतं, हेही लपवू नकोस. तिची भीती सगळीच चुकीची नाही.

एक आठवण करून देतो. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, आणि त्यात भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं. पदकतालिकेत ते धरलं गेलं नाही, पण मिळवलं. या खेळाच्या मोठ्या स्पर्धांत बहुतेकदा प्रत्येकाने वेगवेगळ्या क्लासचे अनेक डेक आणायचे असतात आणि समोरच्याचा एक बंद करता येतो. म्हणजे तिथे तक्रारीला अधिकृत जागा आहे, पण एकच. सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो ते आधी ठरवावं लागतं, आणि उरलेल्यांशी खेळायची तयारी करावी लागते. तू आज रात्री बसून तेवढंच कर. तुला एकच डेक बंद करता आला असता तर कोणता केला असतास? रागाने नको, तुझ्या गेल्या महिन्याच्या डावांची ट्रॅकरमधली नोंद उघडून ठरव. माझा अंदाज आहे की तू शिव्या घातलेला डेक तो नसेलच. तो महिन्यात फारतर सात-आठदा समोर आला असेल. तुला खरं हरवतंय ते दुसरंच काहीतरी, शांतपणे, रोज.

उत्तर मिळालं की त्या डेकाविरुद्ध हरलेले तीन रिप्ले पाठव. जिंकलेले नकोत. प्रत्येकात तुला खात्री आहे की इथून डाव गेला, ती खेळी लिहून पाठव; मी त्याच्या आधीच्या दोन खेळ्या बघेन. आणि शनिवारी रात्री नऊला ऑनलाइन ये. मी तोच त्रासदायक डेक घेऊन बसतो, तू प्रीस्ट आण. पाचवा मिनियन उतरवलास तर साफ करणार, आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
दादा