चाकातील हवा : पडद्यावरचा आकडा खरा की पंक्चरवाल्याचे गेज?

प्रश्न : आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. गेल्या वर्षी घेतलेल्या गाडीत चारही चाकांतील हवेचा दाब पडद्यावर दिसतो. मे महिन्यात एका पहाटे घरून निघाल्यावर सगळीकडे ३३ पीएसआय दिसत होते. दुपारी यवतमाळला पोहोचेपर्यंत ते ३८ झाले. भीती वाटली म्हणून पंक्चरच्या दुकानात तपासले, तर तेथील गेजवर ३६ आले. दुकानदाराने हवा सोडून गेजवर ३३ केली, पण निघाल्यावर पडद्यावर ३५ दिसले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३०! पंक्चर कुठेच नाही. सेन्सर खोटे सांगतो आहे का?
– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : सेन्सर खोटे सांगत नाही आणि चाकातून हवाही गळत नाही. आपण प्रत्येक वेळचा आकडा लिहून पाठवलात, म्हणूनच हे खात्रीने सांगता येते.

आपल्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाशी, एक लहानशी डबी बसवलेली असते. तिच्यातील सेन्सर टायरमधील हवेचा दाब प्रत्यक्ष मोजतो आणि रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. असा सेन्सर चांगल्या स्थितीत असेल, तर खऱ्या दाबापेक्षा साधारण एक ते दोन पीएसआय इकडेतिकडे दाखवतो, त्याहून जास्त सहसा नाही. मात्र तो त्या क्षणीचा दाब दाखवतो, आणि हवा तापली की दाब वाढतो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर तिचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढल्यावर दाब सुमारे दीड पीएसआयने चढतो. पहाटे २८ अंशांवर असलेली टायरमधील हवा मे महिन्यातल्या दुपारी, तापलेल्या डांबरावर गाडी पळाल्यानंतर, ६० अंशांवर गेली, तर ३३ चे ३८ होणारच. गाडीच्या दारावरील पट्टीवर छापलेला दाब हा थंड टायरसाठीचा असतो आणि ही वाढ गृहीत धरूनच तो ठरवलेला असतो.

त्यामुळे चूक झाली ती तापलेल्या टायरमधून हवा सोडण्यात. दुपारी तीन पीएसआय सोडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड झाल्यावर बरोबर तेवढेच कमी पडले. हे मी आवर्जून लिहितो, कारण पुष्कळ लोक उन्हाळ्यात ‘टायर फुटेल’ या भीतीने हवा कमी ठेवतात, आणि खरा धोका नेमका तिथेच असतो. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, त्या वाकण्यानेच टायर आतून तापतो आणि वेग असेल तर फुटतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. अशा रस्त्याला लागण्यापूर्वी तरी हा गैरसमज मनातून काढून टाकावा.

राहिला प्रश्न पडदा आणि गेज यांच्यातील दोन पीएसआयच्या फरकाचा. हा फरक हवा सोडण्याआधी ३८ आणि ३६ असा होता, नंतर ३५ आणि ३३ असा होता. म्हणजे दोन्ही साधने आपापल्या जागी सुसंगत आहेत. आपला सेन्सर थोडा चढा असेल, दुकानातले गेज थोडे उतरलेले असेल, किंवा दोन्हींत थोडाथोडा दोष असेल. दुकानातले गेज दिवसभर हातातून पडते, नळीसह फरपटत जाते, उन्हात तापते. व्हॉल्व्हवर ते नीट बसले नाही आणि क्षणभर ‘फुस्स’ झाले, तर आकडा कमीच येतो. म्हणून एक स्वतःचे चांगले गेज घ्यावे. गाडी किमान तीन तास सावलीत उभी राहिल्यानंतर, पहाटे, त्या गेजने चारही चाके मोजावीत आणि लगेच गाडी थोडी चालवून पडदा पाहावा. उभ्या गाडीत सेन्सर झोपेत असतो, त्यामुळे चाके काही वेळ फिरेपर्यंत पडद्यावर जुनाच आकडा असू शकतो.

आपल्या गावात हवा भरायची सोय नसेल, तर माझी रीत सांगतो. पहाटे पडद्यावर ३० दिसले आणि असायला हवे होते ३३, तर तीन कमी आहेत एवढेच लक्षात ठेवावे. दुकानात पोहोचल्यावर तेथील गेज जे दाखवील त्यात तीन मिळवावेत. टायर तापलेला असला आणि गेज चुकीचे असले, तरी बेरीज जवळजवळ बरोबर राहते.

सेन्सरचा खरा उपयोग मला आकड्यापेक्षा बदलात दिसतो. मागच्या तुरीच्या हंगामात पांदण रस्त्याने शेतावर जाणे-येणे रोजचे होते. तीन चाकांचा पहाटेचा आकडा ३३ वर स्थिर असताना मागच्या डाव्या चाकाचा ३२, मग ३१, मग ३० असा उतरत गेला. चाक काढून साबणाचे पाणी लावले, तेव्हा टायरच्या नक्षीतील दोन ठोकळ्यांच्या मधल्या खाचेत एक इवलासा बुडबुडा हळूहळू फुगताना दिसला आणि त्याखाली बाभळीच्या काट्याचे काळे टोक. ट्यूबलेस टायर असा काटा दिवसेंदिवस धरून ठेवतो, त्यामुळे हात फिरवून किंवा नुसते पाहून काहीच कळत नाही. कमी हवेचा इशारा देणाऱ्या दिव्याची वाट पाहिली असती, तर फार उशीर झाला असता. अमेरिकेच्या नियमात दाब २५ टक्क्यांनी कमी झाल्यावर इशारा देणे सक्तीचे आहे, म्हणजे ३३ चे २५ च्या आत येईपर्यंत; युरोपात ही मर्यादा २० टक्के आहे.

चिखलदऱ्याला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. घाट चढून हजार मीटरच्या वर गेल्यावर बाहेरच्या हवेचा दाब मैदानापेक्षा एकाहून थोडा अधिक पीएसआयने कमी होतो, म्हणून हातातले गेज तेवढे चढे दाखवते. काही गाड्यांचा पडदा हा फरक धरतो, काहींचा धरत नाही. तिथे हवा कमी-जास्त करू नये.

प्रश्न : माझ्या गाडीत आकडे दिसत नाहीत, फक्त पिवळा दिवा आहे. त्यावर किती विसंबावे?
– एक शिक्षिका, जि. वाशीम

उत्तर : बहुधा आपल्या गाडीत चाकाच्या आत सेन्सर नाही. एबीएस ब्रेकसाठी चाकांचा वेग मोजला जातो, त्यावरूनच ही व्यवस्था अंदाज बांधते. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि ते इतरांपेक्षा वेगाने फिरते. म्हणून एका चाकात पंक्चर झाले, तर ते ही व्यवस्था लवकर ओळखते, पण महिनोन्महिने न पाहिल्यामुळे चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर ती व्यवस्था फसू शकते. हवा भरल्यानंतर मेन्यूत जाऊन किंवा बटण दाबून ती नव्याने शिकवावी लागते, आणि हवा कमी असतानाच बटण दाबले, तर तोच कमी दाब ती बरोबर समजते. महिन्यातून एकदा तरी गेज लावाच. दिवा गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ व्यवस्थेतच बिघाड आहे असा होतो.

प्रश्न : जुन्या गाडीला व्हॉल्व्हच्या टोपणासारखे बाहेरून बसणारे सेन्सर लावावेत का?
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : लावावेत, दाब ते ठीक मोजतात. टायरचे तापमान मात्र त्यांवर खरे कळत नाही, कारण ते बाहेरच्या वाऱ्यात असतात. बसवल्यावर प्रत्येक टोपणाभोवती साबणाचे पाणी लावून बुडबुडा येत नाही याची खात्री करावी, कारण आटे नीट बसले नाहीत तर हे टोपणच व्हॉल्व्हची पिन दाबून हवा गळू देते. आपल्या गाडीचे रबरी व्हॉल्व्ह जुने होऊन त्यांना भेगा पडल्या असतील, तर आधी ते बदलून घ्यावेत.