आजोबांचं दुखणं किरणांनी थांबलं की मनानं? बारावीच्या विद्यार्थिनीला उत्तर

कागल तालुक्यातून बारावी विज्ञानाच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर, तो कमरेच्या हाडात उतरला. कोल्हापुरात त्यांना किरणांचा एकच डोस दिला. त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले. तिसऱ्या दिवशी दुखणं पुन्हा उसळलं आणि तीन आठवड्यांनी ते काठी टेकत गोठ्यापर्यंत जाऊन आले. काका म्हणतात, "एका डोसानं काय हुतंय? येवढं मोठं मशीन बघूनच आण्णांच्या मनानं उभारी घेतली." पप्पांना हे अजिबात पटत नाही. ती लिहिते, "मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही. पण खरं काय ते कसं शोधतात, हे शोधणाऱ्यांना काय म्हणतात आणि त्यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं का? नीट या वर्षी जमेलसं वाटत नाही, पप्पा रिपीटला तयार आहेत. आणि आई विचारते, किरणांजवळ काम केलं तर पुढे मुलंबाळं व्हायला अडचण येते का?"

काकांचं म्हणणं उडवून लावू नकोस. पहिल्या रात्रीपुरतं ते बरोबरही असू शकेल. किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरायला आणि हाड सावरायला वेळ लागतो, आराम साधारण काही आठवड्यांत पडत जातो. काही रुग्णांना एक-दोन दिवसांतही बरं वाटतं, कारण गाठ लहान व्हायच्या आधीच तिथली सूज आणि दुखणं पेटवणारी द्रव्यं कमी होऊ शकतात. आजोबांची फाईल घरात असेल, ती काढ आणि त्या दिवशीची औषधं वाच. मॉर्फिन सुरू केलं होतं का? डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होतं का? तसं असेल तर त्या झोपेचे दावेदार चार झाले : किरण, मॉर्फिन, स्टेरॉइड, आणि 'आता काहीतरी इलाज सुरू झाला' हा दिलासा. पाचवाही एक असतो. माणूस दवाखान्यात जातो तेच मुळी दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेलं दुखणं पुष्कळदा आपसूकच थोडं उतरतं. एकट्या आजोबांकडे बघून हे पाच वेगळे काढता येणार नाहीत. तुझ्या काकांना नाही, पप्पांना नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

म्हणून माणसांचे गट करावे लागतात. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे वय, आजार, स्वभाव, श्रद्धा हे सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं जातं. त्यातही किरणोपचाराची एक गंमत आहे. किरण दिसत नाहीत, लागत नाहीत. रुग्ण टेबलावर झोपतो, कातडीवरच्या खुणेवर लेझरची रेघ जुळवतात, मशीन चालवणारा टेक्नॉलॉजिस्ट बाहेर जातो, जाड दार बंद होतं, स्पीकरवरून "आजोबा, हलायचं नाही हं" असा आवाज येतो. बाहेरच्या माणसानं किरण सोडलेच नाहीत, तर आतल्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

नेदरलँड्समध्ये असं खरंच करून पाहिलं, पण कॅन्सरवर नव्हे, गुडघ्याच्या संधिवातावर. शेजारच्या जर्मनीत अशा दुखण्यांना किरणांचा हलका डोस सर्रास देतात. ५५ जणांत काहींना खरे किरण, काहींना नुसता देखावा, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नाही. तीन महिन्यांनी खऱ्या गटातल्या ४४ टक्के लोकांना बरं वाटलं, देखाव्याच्या गटातल्या ४३ टक्क्यांना. त्या दुखण्यात, त्या डोसाला, तुझे काका जिंकले म्हणायचे.

मग आजोबांच्या हाडाचं काय? तिथे हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्यात, पण त्या बहुतेक दोन डोसांची तुलना करणाऱ्या. एकदाच ८ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप) द्यायचे, की दोन आठवड्यांत दहा वेळा मिळून ३० ग्रे? २०१२ मध्ये अशा २५ चाचण्यांचा हिशेब एकत्र मांडला गेला. एका डोसानं ६० टक्के लोकांना आराम, अनेक डोसांनी ६१ टक्के. 'एका डोसानं काय हुतंय' याचं उत्तर इथं मिळतं : दहा डोसांनी जेवढं होतं तेवढंच. पण काका हुशार असतील तर लगेच म्हणतील, "मग दोन्हीबी मनाचाच खेळ असंल की!" आणि त्यांचा हा मुद्दा अगदी रास्त आहे. दोन गोष्टी सारख्या निघाल्या एवढ्यावरून दोन्ही लागू पडतात असं सिद्ध होत नाही, दोन्ही निकामी असल्या तरीही निकाल सारखाच येईल.

त्यांना १९९२ ची एक चाचणी सांग. २७० रुग्ण, सगळ्यांना एकदाच किरण, पण काहींना ४ ग्रे आणि काहींना ८. टेबल तेच, दार तेच, "हलायचं नाही हं" तेच. चार आठवड्यांनी ८ ग्रेवाल्यांत ६९ टक्क्यांना आराम होता, ४ ग्रेवाल्यांत ४४ टक्क्यांना. मोठं मशीन बघून मनानं उभारी घेतली असेल, तर ती दोन्हीकडे सारखीच घेतली असणार. वरचा फरक डोसाचा. त्या ४४ मध्ये मनाचा वाटा किती, हे मात्र या चाचणीतून निघत नाही.

आता तू विचारशील, मग हाडाच्या कॅन्सरमध्येही देखाव्याची चाचणी करून एकदाचा निकाल का लावत नाहीत? इथं संख्याशास्त्र संपतं आणि नीतीचा भाग सुरू होतो. माणसांवरच्या संशोधनाचे जागतिक दंडक १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून चालत आलेत, आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सिद्ध झालेला उपाय हाताशी असताना, हातात काही महिनेच उरलेल्या आणि रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला बंद मशीनखाली झोपवणं त्यांत बसत नाही. पण जिथं उपाय अजून सिद्ध नाही तिथं काय? २०२४ मध्ये कॅनडातल्या एका चाचणीचा निकाल आला. यकृताच्या कॅन्सरनं पोट दुखणारे ६६ रुग्ण, निम्म्यांना आधाराच्या उपचारांबरोबर (दुखण्याची औषधं वगैरे) ८ ग्रेचा एक डोस, निम्म्यांना फक्त आधाराचे उपचार. महिन्याभरानं ज्यांच्याकडून उत्तरं मिळाली त्यांत किरणवाल्यांपैकी ६७ टक्क्यांचं दुखणं उतरलं होतं, दुसऱ्या गटात २२ टक्क्यांचं. देखावा कोणाला दिला नव्हता, कोण कुठल्या गटात हे सगळ्यांना माहीत होतं. मग ६७ आणि २२ मधल्या अंतरात मनाचा हिस्सा किती? मला विचारशील तर स्पष्ट संमती घेऊन, दुखण्याची बाकी औषधं चालू ठेवून आणि महिन्यानंतर सगळ्यांना खरे किरण द्यायचं कबूल करून तिथं देखाव्याची चाचणी करायला हरकत नव्हती. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना हे मुळीच मान्य नाही. ते म्हणतात, या रुग्णांना महिना म्हणजे फार मोठा काळ आहे. यावर तुला काय वाटतं ते लिहून काढ, दोन्ही बाजूंनी. ते लिहिताना रात्रीचे दोन वाजले आणि कळलं नाही, तर तुझा कल कुठे आहे हे कुठल्याही कल-चाचणीपेक्षा चांगलं समजेल.

आजोबांचं तिसऱ्या दिवसाचं उसळणं ओळखीचं आहे. किरणांनंतर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच जणांचं दुखणं तात्पुरतं वाढतं. ते टाळायला स्टेरॉइड उपयोगी पडतं का, हे कॅनडातच २९८ रुग्णांवर पाहिलं गेलं. किरण सगळ्यांना खरेच दिले आणि निम्म्यांना डेक्सामेथासोनच्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निकामी गोळ्या. २०१५ चा निकाल : डेक्सामेथासोनवाल्यांत २६ टक्के जणांचं दुखणं उसळलं, निकामी गोळीवाल्यांत ३५ टक्के. देखावा असाही वापरता येतो, मूळ उपचाराला कोणी मुकत नाही.

आणि 'मनाचा खेळ' म्हणजे खोटं दुखणं असं काकांनी समजू नये. १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. निकामी औषधानं ज्यांना आराम वाटत होता त्यांना नॅलोक्झोन, म्हणजे मॉर्फिनचा उतारा, दिल्यावर दुखणं परत वाढलं. म्हणजे विश्वासानं बरं वाटतं तेव्हा मेंदू स्वतःचंच मॉर्फिनसारखं द्रव्य सोडत असावा. म्हणून डॉक्टरनं खोटं बोलावं असं नाही. पण "तिसऱ्या दिवशी थोडं वाढेल, घाबरू नका, मग उतरत जाईल" एवढं आधी सांगितलं असतं, तर तुमच्या घरची ती रात्र जरा सोपी गेली असती.

हे सगळं मी इतकं लांबवलं, कारण तुझ्या करिअरच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वर ज्या चाचण्या सांगितल्या, त्या एकट्या डॉक्टरांनी केलेल्या नसतात. डोस बरोबर ८ ग्रेच पडतोय हे बघणारा मेडिकल फिजिसिस्ट असतो. गट कसे पाडायचे, किती रुग्ण लागतील, ६० आणि ६१ मधला फरक फरक म्हणायचा की नाही, हे सांगणारा संख्याशास्त्रज्ञ असतो. रुग्णाशेजारी बसून 'किती दुखतंय' हे नोंदवणारा कोणीतरी असतो, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड काम त्याचं. कागदावर शून्य ते दहा अशी पट्टी असते. दोन आकडे उतरले आणि औषध वाढवावं लागलं नाही, तर आराम पडला असं धरतात. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्याला "दहापैकी किती?" विचार, तो म्हणेल, "बरं हाय की." डॉक्टर समोर असले तर हमखास बरं हाय. तेच "रुपयातलं किती आणे दुखतंय?" असं विचारलं, की क्षणाचाही विचार न करता "बारा आणे" येतं. आकडा खरा यायचा तर विचारणारा आपल्या मुलखातला लागतो. पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा तुला हे जास्त जमेल.

माणसांच्या मनाचा खेळ फक्त रुग्णाच्याच बाजूनं चालतो असंही नाही. २०१२ च्या त्याच हिशेबात एक डोस घेतलेल्यांपैकी २० टक्के लोकांना पुन्हा किरण द्यावे लागले, अनेक डोसवाल्यांत ८ टक्के. अनेक डोस श्रेष्ठ? की 'याला एकच दिलाय, अजून देता येईल' असं डॉक्टरांच्या मनात असल्यामुळे त्यांनी चटकन पुन्हा दिले? दोन्ही असेल. आणि चंदगडहून एसटीनं येणाऱ्या माणसाच्या बाजूनं बघ : हाडं ठणकत असताना दहा हेलपाटे की एक, सोबत येणाऱ्याच्या दहा रोजंदाऱ्या की एक. पुन्हा यावं लागण्याचा धोका पत्करूनही पुष्कळजण एकच निवडतील. हेलपाट्याचा हिशेब चाचणीच्या तक्त्यात क्वचितच असतो. तो मांडणारं कोणी पाहिजे.

आता वाटा. डॉक्टर व्हायचं तर नीट, मग इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, त्यावर तीन वर्षांचं रेडिएशन ऑन्कॉलॉजीचं, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करण्याचं, एमडी. दुखण्याचाच ध्यास असेल तर पॅलिएटिव्ह मेडिसिनचंही, म्हणजे रुग्णाचं दुखणं आणि त्रास हलका करण्याचं, एमडी आहे. रिपीट करायचं का? रुग्णाला हात लावून बरं करायचं आहे म्हणून करणार असशील तर जरूर एक वर्ष दे. पप्पा तयार आहेत एवढ्यासाठी नको.

भौतिकशास्त्र आवडत असेल तर बीएस्सी, एमएस्सी, आणि त्यानंतर मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा. मग इंटर्नशिप आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता. एमएस्सीला गुण चांगले लागतात, जागा थोड्या, स्पर्धा खरी. पण फिजिसिस्टशिवाय किरणोपचार विभाग चालवताच येत नाही, त्यामुळे शिकलेला माणूस सहसा रिकामा राहत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटलं ती तिसरी वाट : संख्याशास्त्र. तू कुठेही 'मला मशीन आवडलं' असं लिहिलेलं नाहीस, 'खरं काय ते कसं शोधतात' असं लिहिलंयस. बीएस्सी कोल्हापुरातच होईल, शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, घरून जाऊन-येऊन शिकता येईल. पुढे बायोस्टॅटिस्टिक्सकडे, म्हणजे आरोग्य संशोधनातल्या संख्याशास्त्राकडे, वळायचं, सोबत आर किंवा सॅस यांपैकी एक सॉफ्टवेअर हातात बसवायचं. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी आणि पुण्या-मुंबईतल्या क्लिनिकल रिसर्च कंपन्यांत अशी माणसं लागतात. नातेवाइकांना समजावून सांगायला हे करिअर अवघड आहे, तेवढी तयारी ठेव. बीएस्सीला प्रवेश घेऊन पहिल्या वर्षी नीट पुन्हा देण्याचा मार्गही अनेकजण धरतात. मला तो फारसा पटत नाही, दोन्हीकडे अर्धा अभ्यास होतो.

आणि घरात कोणी कायदा किंवा समाजशास्त्र शिकणारं असेल तर त्यालाही सांग, की प्रत्येक चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्राचा आणि एक अगदी सामान्य माणूस बसवावा लागतो. अध्यक्षही त्या संस्थेबाहेरचाच हवा.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर : संख्याशास्त्रज्ञाचा किरणांशी संबंध कागदावरचाच. फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट आणि डॉक्टर किरण चालू असताना जाड भिंतीच्या बाहेर असतात. छातीवर टीएलडी बॅज लावतात, तो ठरावीक काळानं तपासणीला जातो आणि कोणाला किती किरण लागले याची नोंद राहते. आपल्याकडे कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेले किरण मोजायचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० अशी आहे, आणि नीट चालवलेल्या किरणोपचार विभागात प्रत्यक्ष आकडा त्याच्या बराच खाली राहतो. गरोदरपणात नियम आणखी कडक होतात, फक्त ते विभागाला लगेच कळवायचं असतं. या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कितीतरी बायका लेकुरवाळ्या आहेत. आईंची खात्री पटत नसेल तर आजोबांच्या पुढच्या तपासणीला त्यांनाही बरोबर ने, आणि तिथल्या एखाद्या टेक्नॉलॉजिस्ट ताईंना त्यांनी स्वतःच विचारावं.