आजीचा झेंडा आणि आपला सिनेमा

प्रिय सई,

एखाद्या देशाचं जगणं आणि इतिहास त्याच्या सिनेमा-टीव्हीतून समजून घ्या, असं तुम्हाला शाळेत सांगितलंय, म्हणून तू गेले काही आठवडे जुने मराठी सिनेमे बघते आहेस. काल जेवताना तू विचारलंस, या सगळ्यांत स्वातंत्र्य १५ ऑगस्टला येतं, मग आजी दर वर्षी १७ सप्टेंबरला फोन करून 'आज आपला झेंडा' असं का म्हणते? आणि यातलं एकही माणूस आजीसारखं का बोलत नाही? जेवता जेवता सांगून होईल असं हे नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. मराठी सिनेमा जिथे जन्मला आणि वाढला, त्या मुलखात आपण नव्हतो. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्या काळी आपलं लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडसकट तो सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. देश स्वतंत्र झाला तेव्हा निजामानं भारतात यायला नकार दिला. पुढचे तेरा महिने आपल्या लोकांनी कसे काढले, ते तू पाहिलेल्या एकाही सिनेमात नाही. रझाकार म्हणजे निजामाचं राज्य टिकवायला निघालेल्या सशस्त्र टोळ्या, त्यांचा पुढारी कासिम रझवी आपल्या लातूरचाच वकील. त्यांच्या विरोधात, हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या मागे शाळा सोडून गेलेली पोरंही होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, तिलाच 'पोलीस कारवाई' म्हणतात, आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आजीचा झेंडा तो. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

आता यातली मला सगळ्यात लागणारी गोष्ट सांगतो. १९३५ साली प्रभातनं 'धर्मात्मा' काढला. शांताराम बापूंचं दिग्दर्शन आणि एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. आधी त्याचं नाव 'महात्मा' होतं. गांधीजींची आठवण होईल असं ते नाव मुंबईच्या सेन्सॉरला चाललं नाही, म्हणून बदलावं लागलं. अस्पृश्यांच्या घरी जेवायला जाणारे एकनाथ दाखवून प्रभात १९३५ च्या हिंदुस्थानाबद्दल बोलत होती, हे इंग्रज सरकारला नीट कळलं होतं. एकनाथ कुठले? पैठणचे. ज्ञानेश्वर आपेगावचे, जनाबाई गंगाखेडची, नामदेवांचं नातं नर्सीशी. म्हणजे ज्या संतांच्या चरित्रांवर मराठी बोलपटाला मोठेपण आलं, त्यातले कितीतरी आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातले. आणि 'धर्मात्मा' लागला तेव्हा खरं पैठण निजामाच्या राज्यात होतं. पडद्यावर आपले संत आले, आपली माणसं आली नाहीत. तुझ्या प्रकल्पात दुसरं काही आलं नाही तरी चालेल, हे नक्की येऊ दे.

सिनेमा आपल्याकडे पोचला तो मुख्यतः तंबूतून. जत्रेत कनात लागायची, बाया एकीकडे आणि पुरुष एकीकडे, मागं जनरेटर धडधडायचा. तमाशापट लागला की पडद्यावर चिल्लर उधळायची लोक.

टीव्ही मात्र माझ्या समोर आला. 'रामायण' तुला माहीत आहे, रविवारी सकाळी सगळं गाव एका घरात बसायचं. पण माझ्या मनात घर करून बसलीय ती 'तमस'. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शननं ती दाखवली. फाळणीच्या वेळच्या पंजाबातली गोष्ट. आमच्या वाड्यात तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट संच होता आणि माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, कधी टीव्हीसमोर बसत नसत. त्या दिवशी बसले. लोक बोचकी घेऊन रात्री गाव सोडतायत असं दिसलं, तसे ते बोलायला लागले, समोर चाललेल्या मालिकेकडे न बघता. रझाकारांच्या भीतीनं त्यांनीही रात्रीच बैलगाडी जुंपली होती. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेरची, तिथं पोचलं की जीव वाचला असं सगळे मानायचे. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या होत्या. मग ते म्हणाले, "आन् मागून आमच्या गावातल्या मुसलमानाच्या घरायचे हाल झाले, ते बी बगितले म्या." पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, लातूर भागात निरपराध मुसलमान मोठ्या संख्येनं मारले गेले. सरकारनं नेमलेल्या सुंदरलाल समितीनं ते लिहून ठेवलं, पण तो अहवाल कितीतरी दशकं लोकांना वाचायलाच मिळाला नाही. आमच्या घरात चाळीस वर्षं कुणी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. पंजाबवरच्या मालिकेनं आजोबांचं तोंड उघडलं. आमच्यावर एखादा चांगला सिनेमा वेळेत निघाला असता तर गावोगावी किती म्हातारी माणसं अशी बोलती झाली असती, हा विचार अजून माझा पिच्छा सोडत नाही.

तू 'सामना' पाहिलास आणि तुला निळू फुल्यांचा हिंदुराव भयंकर वाटला. तो आहेच भयंकर. जब्बार पटेल आणि तेंडुलकरांनी साखर कारखान्यांतून उभी राहिलेली सत्ता इतकी स्वच्छ दाखवली, की १९७० च्या दशकातला महाराष्ट्र समजायला मी कुणालाही आधी तोच सिनेमा दाखवीन. पण त्या कारखान्यांचा ऊस तोडायला कोण जातं, हेही तुला माहीत असायला हवं. दसरा-दिवाळी झाली की बीडकडची गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, तिलाच 'कोयता' म्हणतात, लेकराबाळांसकट पश्चिम महाराष्ट्रात जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. तुझ्या आत्याच्या वर्गातली निम्मी मुलं दिवाळीनंतर दिसायची नाहीत. हिंदुरावाच्या वैभवाखाली ही माणसं आहेत, असं समजून तो सिनेमा परत बघ.

देशाच्या टीव्हीवर आमची गावं नावानिशी आली ती ३० सप्टेंबर १९९३ ला. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. बातम्यांत सास्तूर, किल्लारी ही नावं दिल्लीचे निवेदक वाचत होते आणि आम्ही त्या नावांच्या गावांतल्या नातेवाइकांना शोधत होतो. त्याबद्दल मी एवढंच लिहितो. बाकीचं तू मोठी झालीस की समोर बसून सांगेन.

आणि आजीच्या बोलण्याचं म्हणशील तर तेही पडद्यावर यायला फार वर्षं लागली. मकरंद अनासपुरे मराठवाड्यातलाच, तो आपल्या बोलीत बोलायला लागला तेव्हा आमच्याकडच्या थिएटरात लोक नुसत्या बोलण्यालाच टाळ्या देत. मला त्याचा आनंद होता आणि खंतही, कारण आपली बोली आली ती बहुतेक हसवायलाच. त्या बोलीत माणूस रडतो, भांडतो, प्रेम करतो, कोर्टात उभा राहतो, ते फार थोड्या सिनेमांत दिसलं. 'सैराट' करमाळ्याचा, म्हणजे आपल्या शेजारचा, आणि त्यातली पोरं पळून जातात ती हैदराबादला. तुला ते परक्या राज्यात जाणं वाटलं. आमच्याकडच्या माणसाला हैदराबाद आजही तितकं दूर वाटत नाही. कोर्टकचेरी, मोठं दुकान, मोठा दवाखाना, सगळ्याला आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच जात आले.

शनिवारी आजीला फोन लाव. तिथं दुपार व्हायच्या आत लाव, मग ती आडवी होते. तिचे थोरले भाऊ सध्या तिच्याकडेच आहेत, १९४८ मध्ये ते शाळकरी होते. त्यांना १७ सप्टेंबरचं विचार, आणि फौजा आल्या तेव्हा गावात कोण काय करत होतं तेही विचार. त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोल. बोलणं रेकॉर्ड करून ठेव, आधी त्यांची परवानगी घेऊन. आणि ते मधेच गप्प झाले तर घाई करू नकोस, फोन चालू ठेव.

तुझा,
बाबा