वाचकांचे प्रश्न : मुंबईला जाताय? सुरमई नको, बोंबील मागा

गेल्या अंकात रात्रपाळी सुटल्यानंतरच्या माझ्या न्याहारीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर वेंगुर्ल्याच्या घरी पत्रांचा ढीग आला, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच : मुंबईला गेल्यावर खायचं कुठे आणि काय? एकतीस वर्षं मी परळला परिचारिका होते. हॉस्टेलच्या मेसमधलं जेवण घशाखाली उतरायचं नाही, म्हणून पगारातले थोडे पैसे बाजूला काढून बाहेर जेवायची सवय लागली. त्या शहराने मला प्रेमाने जेवू घातलं आहे, त्यामुळे ह्या पत्रांना उत्तरं देताना मनापासून आनंद झाला. जागेअभावी पाचच घेतली आहेत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघं तीन दिवस मुंबईला चाललोय, पहिल्यांदाच नुसते फिरायला. तुतारीने दादरला उतरू. ह्यांना नावाजलेल्या हॉटेलातली सुरमईची थाळी खायची आहे. मी म्हणते, मासे तर घरी रोजचेच. कोणाचं खरं?
— एक वाचक, मालवण

ताई, खरं तुमचंच आहे, पण ह्यांचा हिरमोड करू नका. तुमच्याकडे सुरमई किनाऱ्यावरच्या लिलावात डोळ्यांदेखत उतरते. तीच बर्फात बसून मुंबईला जाते आणि तिथे तुम्ही तिच्यासाठी रांग लावणार, हे मला पटत नाही. ह्यांना सांगा, ओला बोंबील मागा.

आपल्या सिंधुदुर्गात बोंबील म्हटला की सुकाच डोळ्यांसमोर येतो. ओला क्वचित दिसतो, कारण बोंबलाचं खरं पाणी मुंबईपासून वरचं, वसई-सातपाटीकडून थेट गुजरातच्या बाजूचं. तिकडे डोल जाळी लावून तो धरतात. मासा इतका पाणीदार की उन्हात जरा राहिला तर लगदाच होतो. मी तो करायला शिकले लालबागच्या चाळीतल्या एका कोळीण मावशीकडे. डोकं, पर काढायचे, पोटातून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, मधला काटा अलगद ओढून काढायचा, मीठ-हळद लावायची. मग पाटावर ओळीने मांडून वर दुसरा पाट ठेवायचा आणि त्यावर वरवंटा. तासाभरात पाटाच्या कडेने पाणी निथळायला लागतं. मावशी तो पाट तिरका करून मोरीत धरायच्या. मग आलं-लसूण, लाल मसाला, लिंबू, आणि तांदळाच्या पिठात रवा मिसळून तव्यावर. वरून कुरकुरीत, आत सायीसारखा. हा दाब नीट दिलेला नसेल तर बोंबील तव्यावर तुटतो आणि पीठ सुटून येतं, म्हणून तुकडा पानात आला की काट्याचमच्याने नको, हाताने उचलून बघा. दादरला गोमांतक किंवा सिंधुदुर्ग, वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक, कुठेही मागा. दुपारी साडेबाराच्या आत जाऊन बसा.

आता तुमच्यासाठी. तुतारी सकाळी लवकर पोचते. खोलीवर सामान टाकून माटुंग्याला जा, दादरहून स्लो गाडीचं पुढचंच स्टेशन. रात्रपाळी सुटली की मी तिथेच जायची. कॅफे मद्रासला (१९४० पासून आहे) पातळ कडक डोसा किंवा नाचणीचा डोसा, आणि शेवटी फिल्टर कॉफी. कॉफी पेल्यात येते, पेला एका खोलगट वाटीत ठेवलेला. ती वाटीत ओतून, परत पेल्यात ओतून, फेस आणून प्यायची. घाई करू नका. रविवारी फूटपाथवर नावं लिहून घेतात आणि तास-तास थांबावं लागतं. सोमवारीही नको, माटुंग्यातल्या बऱ्याच जुन्या हॉटेलांची त्या दिवशी सुट्टी असते.

एक दुपार फोर्टसाठी राखा. बॅलार्ड इस्टेटला १९२३ सालचं ब्रिटानिया आहे, इराणी मालकांचं, दुपारच्या जेवणासाठी प्रसिद्ध. तिथला बेरी पुलाव खा. भातावर लालबुंद आंबट फळं असतात, बार्बेरी म्हणतात त्यांना, इराणकडची. कोकमावर वाढलेल्या आपल्या जिभेला तो आंबटपणा लगेच ओळखीचा वाटतो, पण वास अगदीच वेगळा. मटणाचा घ्या, दोघांत एक पुरतो. संध्याकाळी शिवाजी पार्कला चक्कर मारा आणि प्रकाशमध्ये साबुदाणा वडा नि पियूष घ्या. पियूष म्हणजे श्रीखंड-ताकाचं दाट पेय, जायफळ नि केशर घातलेलं. एवढ्यावर रात्रीचं जेवण नको वाटेल.

बाकी तुमचं पोट सांगेल तसं. फक्त प्रत्येक ठिकाणी एकेकच जिन्नस मागवा आणि वाटून खा, म्हणजे तीन दिवसांत खूप काही चाखून होईल.

प्रश्न : आईचे टाटा हॉस्पिटलात उपचार चालू आहेत. पंधरा-पंधरा दिवस राहावं लागतं. आईला काय द्यावं कळत नाही, आणि मी स्वतः वडापाववर दिवस काढतो.
— एक वाचक, कुडाळ

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी आईचं. केमो चालू असताना अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूही बाधतो. म्हणून बाहेरची कापलेली फळं, उसाचा रस, बर्फ, हिरवी चटणी, कच्ची कोशिंबीर हे तिला द्यायचं नाही. समोर शिजलेलं, वाफ निघत असलेलंच द्यायचं. हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ असतात. त्यांना भेटून कागदावर लिहून घे, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आणि पथ्यही वेगळं. तिला तोंडाला चव नसेल तर दोन घास कमी गेले म्हणून रागवू नकोस, दर दोन तासांनी थोडं थोडं दे. राहायची सोय अजून झाली नसेल तर दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, ती बाहेरगावच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी आणि त्यांच्या माणसांसाठीच आहे. तिथे जाऊन चौकशी कर.

आता तुझं. माझ्या वॉर्डात एकदा सकाळी राजापूरकडचा एक मुलगा बाकावरून खाली कोसळला. वडिलांचं ऑपरेशन होतं. आम्ही सगळे धावलो, बीपी घेतलं, साखर घेतली. दोन दिवस चहाशिवाय त्याच्या पोटात काही नव्हतं. पेशंट थिएटरमध्ये आणि मुलगा सलाईनवर. तेव्हापासून मी प्रत्येक नातेवाइकाला पहिलं विचारायची, तुम्ही जेवलात का?

तर तू दिवसातून एकदा तरी बसून जेव. परळहून दोन स्टेशनं पुढे माटुंगा, स्टेशनला लागूनच पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. केळीच्या पानावर भात, रसम, सांबार, दोन भाज्या, ताक. तेल बेताचं, मसाला बेताचा. पंधरा दिवस रोज जेवलास तरी पोट तक्रार करणार नाही. तेवढं लांब जाणं जमत नसेल त्या दिवशी लालबागला लाडू सम्राट आहे. मिसळ टाळ, थालीपीठ नि दही घे. संध्याकाळी एक उकडलेलं अंडं आणि दोन केळी जवळ ठेव. आईला सांग, मी जेवून आलो. आयांना तेवढ्याने बरं वाटतं.

प्रश्न : मुलगा अंधेरीला नोकरीला आहे. जुलैत एका हॉटेलात सुरमई खाऊन दोन दिवस आजारी पडला. मुंबईत पावसाळ्यात मासे खावेत की नाही?
— एक वाचक, सावंतवाडी

खावेत, पण विचारून. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग जुलैत हॉटेलच्या पाटीवर सुरमई आली कुठून? एक तर बर्फखान्यातून. नाही तर पूर्वेकडून : तिकडच्या किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे आपल्या होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा तिकडच्या समुद्रात गेलेल्या असतात, आणि तो मासा बर्फात घालून ट्रकने इकडे येतो. तो वाईटच असतो असं नाही. वाटेत बर्फ वितळला, परत घातला, असं झालं की बिघडतो.

हे मलाही एकदा भोवलं आहे. दादरच्या एका हॉटेलात, नाव लिहीत नाही, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरमईचा तुकडा घेतला. मसाला झणझणीत, पण तुकडा मोडला तर पापुद्रे सुटेनात, पिठासारखा भुगा झाला. ताज्या माशाचे पापुद्रे सुटतात, ओलसर दिसतात. मी घास ताटात ठेवला आणि पैसे देऊन उठले. मुलाला एवढंच शिकवा : पहिला तुकडा मोडून बघायचा. भुगा झाला किंवा जिभेला चुरचुरलं तर खायचं नाही, पैसे गेले तरी चालतील.

आणि त्याला सांगा, पाटी वाचण्याआधी वाढप्याला विचार, "आज काय आलंय?" चांगल्या खानावळीत तो लगेच सांगतो, बांगडा आलाय, तारली आलीय, मोरी आलीय. बांगडा-तारली खाणारी गिऱ्हाईकं रोजची असतात, तो माल पडून राहत नाही. त्या दोन महिन्यांत सुक्या जवळ्याची किंवा सुक्या बोंबलाची चटणी आणि सोलकढी मागवली तरी कोकणातला माणूस जगतो.

खानावळीचा विषय निघाला म्हणून सांगते. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका होत्या, आपल्या कोकणातल्या नि घाटावरच्या. एका खोलीत चूल, त्यावर वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक, आणि वाण्याची उधारी कायम डोक्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. १९८२ च्या संपाने गिरण्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हा ह्या बायकांचे डबेही बसले. त्यांच्या हातचं कालवण मी खाल्लं आहे. खोबरं कमी, कांदा जास्त, कारण नारळ परवडायचा नाही. तरी चव अशी, की आज कुठल्याही थाळीत मी तीच शोधते. मुलाला अंधेरीच्या आसपास घरगुती डबा देणारी कोकणातली बाई मिळाली तर हॉटेल सोडून तिच्याकडे लावायला सांगा.

प्रश्न : मी एकटी मुलगी, परीक्षेसाठी मुंबईला येणार. हॉटेलात एकटीने बसायला संकोच वाटतो.
— एक वाचक, रत्नागिरी

संकोच सोड. मी बावीस वर्षांची असताना धोबी तलावच्या कयानीत एकटी जाऊन बसले, मेट्रो सिनेमाच्या समोर, १९०४ सालची जागा आहे. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, लाकडी खुर्च्या. कोणी मान वर करून पाहिलं नाही. शेजारी एक म्हातारे पारशी गृहस्थ पेपर वाचत होते, पलीकडे कोर्टातले दोन वकील. ब्रून मस्का सांग, ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. चहात बुडवून खा, नाही तर टाळू सोलते. भिंतीकडे पाठ करून, दार दिसेल अशी जागा घ्यायची, एवढी माझी सवय होती. परीक्षेला शुभेच्छा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. रमझानात मोहम्मद अली रोडला गेलो तर खायला काही मिळेल का? आणि घरी काय आणावं?
— एक वाचक, चिपळूण

मिळेल. मिनारा मशिदीच्या गल्लीत मातीच्या वाटीतली फिरनी घ्या. मालपोवा दिसेल, मोठ्या कढईत तळलेला, पण त्यात अंडं असतं, तेव्हा विचारून. संध्याकाळी रोजा सोडण्याच्या वेळेला लोक खरंच उपाशी असतात. त्यांना आधी खाऊ द्या, तुम्ही तासाभराने जा.

घरी आणायला मावा केक सगळे सांगतील. चव उत्तम, पण त्यात खवा आहे आणि मांडवीने चिपळूणला जाईपर्यंत उन्हाळ्यात डब्यातली हवा तापते. मांडवी सकाळी लवकर सुटते, म्हणजे खरेदी आदल्या संध्याकाळचीच होणार. पोचल्या दिवशीच संपवणार असाल तर आणा. नाही तर इराण्याकडून खारी घ्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, वर जड काही ठेवू नका. आठवडाभर चहाबरोबर पुरेल.