भारतमंत्री गेले, मग आपलं खातं कोणाकडे गेलं?

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. पुस्तकात 'भारतमंत्री (म्हणजे ब्रिटिश सरकारात हिंदुस्थानचा कारभार बघणारा मंत्री) हे पद १९४७ ला संपलं' एवढंच दिलंय. मग त्यानंतर लंडनमधे आपल्याशी व्यवहार कोण बघायचं, परराष्ट्रमंत्री का? आणि ब्रिटनचा आपल्याकडे राजदूत नसून हाय कमिशनर का असतो?

उत्तर : परराष्ट्रमंत्री नाही, त्यासाठी वेगळा मंत्री होता, राष्ट्रकुल संबंध मंत्री. जुलै १९४७ मधे हे पद आलं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे डोमिनियनसाठी (कारभार स्वतःचा पण राजा ब्रिटनचाच, असे देश) १९२५ पासून एक मंत्री होताच, त्याच पदाचं नाव बदललं आणि ऑगस्टमधे इंडिया ऑफिस, म्हणजे भारतमंत्र्याचं लंडनमधलं खातं, बंद झाल्यावर तिथलं कामही इकडे आलं. पहिले मंत्री लॉर्ड ॲडिसन.

पण हे भारतमंत्र्याचंच नवं नाव असं अजिबात समजू नका, फार लोक तसं समजतात. भारतमंत्री १८५८ पासून आपल्यावर हुकूम चालवायचा, व्हाइसरॉयसुद्धा त्याला जबाबदार, आणि १९१९ च्या कायद्यापर्यंत त्याचा पगार आपल्याच तिजोरीतून जायचा, हे वाचून मला आजही चीड येते. आपल्या नाशकात २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या तेव्हा भारतमंत्र्याच्या खुर्चीवर जॉन मोर्ले होते. राष्ट्रकुल मंत्र्याच्या हातात असला कुठलाच अधिकार नव्हता, दिल्लीला तो फार तर समजावू शकत होता, दिल्लीने ऐकलं तर ऐकलं.

ऐकलं नाही अशीही उदाहरणं आहेत. १९४८ ला काश्मीर युनोत गेलं तेव्हा हे खातं फिलिप नोएल-बेकर यांच्याकडे होतं (१९२० च्या ऑलिंपिकमधे १५०० मीटरला रौप्य आणि पुढे १९५९ ला शांततेचं नोबेल मिळवलेला माणूस!), पण ते पाकिस्तानकडे झुकतायत असं नेहरूंना वाटलं आणि दिल्ली चांगलीच नाराज झाली. मग चीनचं युद्ध. नोव्हेंबर १९६२ मधे तेव्हाचे राष्ट्रकुल मंत्री डंकन सँड्स दिल्लीत आले, एकीकडे शस्त्रांच्या मदतीचं बोलणं आणि दुसरीकडे काश्मीरवर पाकिस्तानशी चर्चा करा हा आग्रह. नेहरू आणि अयूब खान चर्चेला तयार झाले, १९६३ मधे बऱ्याच फेऱ्या झाल्या, हाती काही लागलं नाही. यशवंतराव चव्हाण नेमके त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी आपल्या नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, म्हणजे हा धडा आपल्यापासून तितकाही लांबचा नाही.

परीक्षेसाठी एक नक्की लक्षात ठेवा, वसाहतींचा मंत्री वेगळा होता. देश स्वतंत्र झाला की त्याचं काम वसाहत खात्यातून राष्ट्रकुल खात्यात जायचं, उदा. घाना १९५७ ला. मग वसाहतीच उरेनात, तेव्हा १९६६ मधे दोन्ही खाती एक केली आणि ऑक्टोबर १९६८ मधे सगळंच परराष्ट्र खात्यात गेलं. शेवटचे मंत्री जॉर्ज थॉमसन.

हाय कमिशनरचं म्हणाल तर राजदूत हा एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला माणूस, आणि डोमिनियनमधे दोन्हीकडे राजा एकच, मग तो स्वतःकडेच राजदूत कसा पाठवणार? आपण १९५० ला प्रजासत्ताक झालो तरी राष्ट्रकुलात राहिलो म्हणून ती पद्धत राहिली. पाकिस्तान १९७२ मधे राष्ट्रकुलातून बाहेर पडलं, तर १९८९ ला परत येईपर्यंत इस्लामाबादेत ब्रिटनचा राजदूतच असायचा.